कठीण आहे, पण घाव सोसेल का?

बोअरची गाडी शिवारात उभी राहिली की सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते: पाणी किती फुटांवर लागते. पाणाड्याने नारळ हातावर उभा करून जागा दाखवलेली असते, कॉम्प्रेसरने कान किटलेले असतात आणि भोकातून आधी मुरमाची तांबूस, मग राखाडी भुकटी उडत असते. रॉडच्या खालच्या टोकाला प्रत्यक्ष काम करणाऱ्या बिटाकडे मात्र बोअरवाल्याशिवाय कोणी पाहत नाही. पसरलेल्या पंजाएवढे ते पोलादी डोके असते. त्याच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडची डझन-दीड डझन गोल बटणे घट्ट दाबून बसवलेली असतात. इंदापूर आणि बारामती तालुक्यांच्या पोटात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, मध्येच लाल मातकट पट्टा. या सगळ्यातून भोक पाडायचे काम त्या बटणांचे. मिनिटाला हजार-दीड हजार ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला खडकाचा कपचा उडवून स्वतः शाबूत राहायचे.

आपल्याकडे हत्याराची चौकशी एका प्रश्नात संपते: कडक आहे ना? लोहाराकडून पहार शेवटून आणताना हाच प्रश्न, आणि एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून पंच किंवा डाय हार्डनिंगला पाठवतानाही हाच. पावतीवर ‘५८ ते ६० एचआरसी’ असे लिहून येते आणि काम झाले असे सगळे धरून चालतात. माझ्या मते या एका आकड्यावरच्या विश्वासाने जेवढी हत्यारे मोडतात तेवढी वाईट पोलादाने मोडत नसतील.

तो आकडा येतो कुठून ते आधी पाहू. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या अमेरिकनांनी १९१४ मध्ये एका साध्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू धातूवर टेकवायचा, आधी हलका भार द्यायचा, मग १५० किलोपर्यंत वाढवायचा, पुन्हा हलक्या भारावर यायचे आणि शंकू कायमचा किती खोल रुतला ते पाहायचे. खोलीच्या दर ०.००२ मिलिमीटरला १०० मधून एक गुण वजा. म्हणजे ६० एचआरसीचा तुकडा असेल तर शंकू ०.०८ मिलिमीटर रुतला. चाचणी मिनिटभरात होते, तुकडा फुटत नाही, यंत्र फार महाग नसते. त्यामुळे ती सगळीकडे पोचली. पण तिथे भार हळूहळू चढतो आणि सगळीकडून दाबलेल्या धातूत एक बारीक खळगा पडतो, एवढेच. घाव बसल्यावर तुकड्याच्या आत भेग निघेल का, निघाली तर थांबेल का आरपार जाईल, याबद्दल तो खळगा एक अक्षर सांगत नाही. काच कठीण असते आणि भांडे पडल्यावर तिचे काय होते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

लोहाराला ही गोष्ट यंत्राशिवाय कळलेली आहे. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ऊसतोडीचा कोयता करताना तो धार लाल करून पाण्यात बुडवतो, मग घासून लख्ख केलेल्या भागावर चढत जाणारा रंग पाहत बसतो. गवती पिवळा रंग आला म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअस, निळा आला म्हणजे ३०० च्या पुढे. पाणी देऊन आलेल्या कडकपणातला थोडा तो या गरमीत मुद्दाम परत देतो आणि बदल्यात चिवटपणा घेतो. तोडणीवाल्याचीही तीच मागणी असते. फार कडक धारेला सरीतला एखादा खडा लागला की दाते पडतात, आणि फडात दिवसभर कानस घेऊन कोण बसणार?

चिवटपणा मोजायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूळ, पूल आणि बॉयलर अचानक तुटू लागल्यावर रुजली. अमेरिकेत एस. बी. रसेल यांनी १८९८ मध्ये लंबकाचे यंत्र मांडले. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत त्याची नीट पद्धत सांगितली आणि नाव त्यांचे राहिले. दोन वर्षांनी इंग्लंडच्या आयझॉड यांची थोडी वेगळी पद्धत आली. मेकॅनिकलचा कोणताही विद्यार्थी या दोन नावांची प्रात्यक्षिके वहीत उतरवून मोकळा होतो. १० × १० × ५५ मिलिमीटरचा तुकडा, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच, दोन टेकूंवर आडवा ठेवलेला. वरून लंबक सोडायचा. तो तुकडा मोडून पलीकडे जितका कमी वर चढेल तितकी ऊर्जा तुकड्याने खाल्ली. भारतात यासाठी आयएस १७५७ हे मानक आहे.

हिशेब शाळेतल्या पुस्तकातला आहे. २० किलोचा लंबक दीड मीटरहून थोडा अधिक उंचीवरून सोडला की त्यात ३०० ज्यूल ऊर्जा असते आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे रमतगमत चाललेल्या मोटारसायकलचा. रस्त्यावरच्या पुलाचे मऊ पोलाद या घावाला शंभर-दोनशे ज्यूल सहज खाते. हत्यारांचे पोलाद आले की मात्र चाचणी अडखळते.

बारामतीच्या एमआयडीसीत भारत फोर्जचा कारखाना आहे. असे मोठे फोर्जिंग आणि त्याभोवतीची लहान वर्कशॉपे यांचा रोजचा व्यवहार डायच्या पोलादांशी असतो: एच-१३, डीबी-६, छोट्या पंचांसाठी ओएचएनएस किंवा डी-२. एच-१३ मध्ये कार्बन ०.४ टक्के, क्रोमियम ५ टक्के, सोबत मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. ४४-४६ एचआरसीला आणलेला एच-१३ चा चांगला तुकडा व्ही खाचेच्या शार्पी चाचणीत दहा-पंधरा ज्यूल दाखवतो. त्याच लादीतला, त्याच भट्टीतून निघालेला, पण खाच न पाडलेला ७ × १० × ५५ मिलिमीटरचा तुकडा मोडायला दोनशेहून जास्त ज्यूल लागतात. पोलाद तेच, कडकपणा तोच आणि उत्तरात पंधरा-वीस पटींचा फरक. मग खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे आहेत. खाच असलेला तुकडा सांगतो की भेग आधीच पडलेली असेल तर ती पुढे न्यायला किती श्रम पडतील. बिनखाचेचा सांगतो की मुळात भेग जन्माला घालायला किती. डायच्या कोपऱ्यात मशिनिंगची तीक्ष्ण रेघ राहिली असेल तर पहिला आकडा लागू होतो. कोपरा नीट गोल करून पॉलिश केला असेल तर दुसरा. डाय बनवणाऱ्या जुन्या कारागिराचा त्रिज्येबद्दलचा हट्ट याच फरकातून आलेला असतो. इंजिनिअर लोक त्याला हेकेखोर म्हणतात, पण बरोबर तोच असतो.

डी-२ सारख्या पोलादांत तर व्ही खाच निरुपयोगीच ठरते. त्यात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, आणि आत क्रोमियम कार्बाइडचे मोठे कण रांगेने पडलेले असतात. टोकदार खाचेशी सगळे नमुने दोन-चार ज्यूलमध्ये तुटतात आणि ३०० ज्यूलच्या यंत्रावर चांगल्या-वाईटातला फरक यंत्राच्या घर्षणात बुडून जातो. म्हणून अशा पोलादांसाठी अर्धा इंच त्रिज्येची उथळ, गोलाकार खाच वापरतात. तिच्यावर ६० एचआरसीचा डी-२ तीसेक ज्यूल दाखवतो, तर मुद्दाम घाव सोसण्यासाठी बनवलेले एस-७ हे पोलाद ५७ एचआरसीला दीडशेच्या पुढे जाते. तीन गुणांचा कडकपणा सोडला आणि पाचपट चिवटपणा मिळाला. पंच सतत कपची मारून मोडत असेल तर या सौद्याचा विचार करावा. आपल्याकडे बहुधा उलटे होते: पंच मोडला की पुढच्या वेळी आणखी कडक करून आणतात.

दिशेचा मुद्दा यात लपलेला आहे. कार्बाइडच्या रांगा लादी ज्या दिशेने लांबवली त्या दिशेने पसरतात. घाव रांगांना आडवा छेदत गेला तर तुकडा सोसतो. भेगेला रांगेच्या वाटेनेच जायला मिळाले तर चिवटपणा खूप घसरतो. पोलाद विकणारा नेहमी चांगल्या दिशेचाच आकडा देतो. तो खोटे बोलत नाही, फक्त तुमच्या डायमधली लादी कोणत्या बाजूने कापली जाणार हे त्याला माहीत नसते.

तापमानाचेही तसेच. एच-१३ सारखी पोलादे थंडीत जास्त ठिसूळ असतात. म्हणून फोर्जिंगच्या पहिल्या पाळीला डायला बर्नर लावून दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवतात आणि मगच पहिला लाल तुकडा ठेवतात. डिसेंबरच्या पहाटे घाई करून थंड डायवर पडलेला पहिला ठोका पुढच्या हजार ठोक्यांपेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

इथवर गोष्ट पोलादाची झाली. बोअरच्या बटणाकडे वळलो की शार्पीचा लंबक हात टेकतो.

टंगस्टन कार्बाइडची जोडणी १९२३ मध्ये बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी साधली. आधी हेतू होता दिव्यातली तार ओढण्याच्या डायचा, कारण त्यासाठी लागणारा हिरा महाग होता. टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड आणि कोबाल्ट एकत्र दाबून भट्टीत भाजायचे. कोबाल्ट वितळतो आणि कणांना सांधून धरतो. क्रुपने १९२६ च्या सुमारास ते ‘विडिया’ नावाने बाजारात आणले. वीटकामात विटा आणि चुना यांचे जे नाते तेच इथे कार्बाइड आणि कोबाल्टचे आहे, फरक एवढाच की इथला चुना विटेपेक्षा मऊ असूनही भिंत त्याच्या जिवावर घाव सोसते. कोबाल्ट सहा टक्के ठेवला तर बटण झिजायला कठीण पण फुटायला सोपे. दहाच्या वर नेला तर उलट. खडक फोडणारी बटणे बहुधा या दोन टोकांच्या मधली असतात.

असे बटण दाबावाखाली सुमारे ४,००० मेगापास्कल सोसते. घट्ट काळ्या पाषाणाची ताकद दीडशे-दोनशेच्या आसपास, म्हणजे दाबाच्या लढाईत बटण वीसपट बलवान. ताणाच्या बाबतीत मात्र त्याची ताकद निम्म्याहून कमी, आणि चिवटपणा तर पोलादाच्या तुलनेत अगदीच तोकडा. आता या पदार्थाचा तुकडा शार्पीच्या यंत्रात ठेवा. तो मोडायला लागणारी ऊर्जा एक-दोन ज्यूलच्या घरात असते. पण ७ × १० × ५५ मिलिमीटरच्या कार्बाइडचे वजन ५७ ग्रॅम भरते, आणि मोडल्यावर दोन तुकडे साडेपाच मीटरच्या वेगाने उडाले तर त्या उड्डाणातच पाऊण ज्यूलहून जास्त जाते. म्हणजे यंत्राने जो ‘चिवटपणा’ दाखवला त्याचा मोठा हिस्सा तुकड्यांनी खोलीभर केलेल्या प्रवासाचा.

लंबकाला विद्युत संवेदक लावून बळाचा आलेख काढला तरी सुटका नाही. घाव बसताच स्थिर तुकड्याला हलवण्यासाठी बळ लागते, आणि आलेखावरचे पहिले उंच शिखर त्याचेच असते. मऊ पोलाद वाकत वाकत मोडते, त्याला वेळ लागतो, तोवर ही थरथर विरते. कार्बाइड मात्र त्या पहिल्या थरथरीतच तुटून मोकळे होते. आलेख छान दिसतो आणि सांगतो मात्र नमुन्याच्या जडत्वाबद्दल.

एक वाट आहे ती न मारता मोजण्याची. स्वीडनच्या पामक्विस्ट यांनी १९५७ मध्ये दाखवले की कार्बाइडवर हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड ३० किलोने दाबला तर खळग्याच्या चार कोपऱ्यांतून केसासारख्या चार भेगा निघतात. त्यांची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. १,३०० व्हिकर्स कडकपणाच्या बटणात चारही भेगा मिळून ०.२ मिलिमीटर भरल्या तर त्याचा भंगरोध, म्हणजे भेग पुढे जाण्याला होणारा विरोध, सुमारे १२ एकक येतो. एकक मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ असे अवघड आहे, तुलनेसाठी एवढे पुरे: खिडकीच्या काचेचा भंगरोध एकाहून कमी, डायच्या एच-१३ चा तीस-चाळीसच्या घरात. या पद्धतीचे २००९ मध्ये आयएसओ २८०७९ हे मानक झाले. मला ही पद्धत आवडते, कारण एकाच खळग्यातून कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही मिळतात आणि आख्खे बटण फोडावे लागत नाही. तिची अडचण अशी की पृष्ठभाग घासताना राहिलेला ताण भेगा आखडून टाकतो. पॉलिश कच्चे राहिले तर बटण आहे त्यापेक्षा चिवट भासते. शिवाय ही चाचणीही शेवटी हळू दाबाचीच. मिनिटाला हजार ठोक्यांचे उत्तर तिच्याकडे नाही.

खऱ्या घावाचे मोजमाप एका बाप-लेकाच्या कामातून आले. जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये लोखंडी तार टांगली आणि तिच्यावरून सरकत येणारे वजन तळाच्या अडणीवर आदळू दिले. वजन आदळते खाली, तर तार खालीच तुटायला हवी. कित्येकदा ती वर, बांधलेल्या टोकाजवळ तुटली. शिवाय तार तुटणार की नाही हे वजन किती यापेक्षा ते किती उंचीवरून पडले यावर ठरत होते. धक्का तारेतून लाटेसारखा वर जातो, बांधलेल्या टोकावर आपटून परततो, आणि येणारी-जाणारी लाट एकत्र येऊन तिथला ताण दुप्पट करते. त्यांचा मुलगा बर्ट्रम हॉपकिन्सन केंब्रिजला प्राध्यापक होता. त्याने १९१४ मध्ये लांब पोलादी दांडी टांगून तिच्या एका टोकाला स्फोट किंवा गोळीचा मारा केला आणि दुसऱ्या टोकाला चिकटवलेला छोटा तुकडा किती वेगाने सुटतो त्यावरून लाटेचा आकार काढला. हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये ही दांडी दोन भागांत तोडून मध्ये नमुना ठेवला. आज जगभर वापरतात ते हेच यंत्र.

हवेच्या दाबाने एक छोटा पोलादी दांडा सेकंदाला दहा-वीस मीटर वेगाने पहिल्या दांडीवर आदळवतात. पोलादावर पोलाद आदळले की वेगाच्या दर मीटरमागे सुमारे २० मेगापास्कलची दाबलाट तयार होते. ती सेकंदाला पाच किलोमीटर वेगाने धावते. नमुन्यापाशी तिचा काही भाग परततो, काही नमुना दाबून दुसऱ्या दांडीत जातो. दोन्ही दांड्यांवर चिकटवलेले ताणमापक या तीन लाटांची नोंद करतात, आणि त्यावरून नमुन्याने किती बळ, किती वेगाने, किती दबून सोसले ते कळते. मुंबईत पवईच्या आयआयटीतही या यंत्रावर काम झाले आहे.

आता पुन्हा बोअरच्या भोकात डोकावू. हवेच्या दाबाने एक पोलादी पिस्टन सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने बिटाच्या शेपटावर आदळतो. सुमारे २०० मेगापास्कलची दाबलाट बिटातून बटणांकडे धावते. पिस्टन चाळीस सेंटिमीटरचा असेल तर ती लाट सेकंदाच्या दीड दशसहस्रांशाहून थोडा अधिक वेळ टिकते. बटणापाशी तिचा काही भाग खडकात जातो आणि खडक फुटतो, उरलेला परततो. हे सगळे हॉपकिन्सनचे यंत्रच आहे, उभे केलेले आणि नमुन्याच्या जागी इंदापूरचा पाषाण ठेवलेले. प्रयोगशाळेत दांड्या जपतात आणि नमुना फोडतात. बोअरवाल्याचेही गणित तेच असते, फक्त त्याची दांडी पुन्हा पुन्हा वापरायची असते.

हे एकदा लक्षात आले की बोअरवाल्यांच्या अनुभवातल्या दोन-तीन गोष्टी उलगडतात. बिट पोकळीत आले किंवा तळापासून उचलले असताना हॅमर चालू ठेवू नये असे ते सांगतात. पुढे खडक नसेल तर दाबलाटेला जायला वाट नसते, ती मोकळ्या टोकावरून उलटते आणि उलटताना ताणलाट होते. दाबात बलवान असलेले कार्बाइड आणि त्याची पोलादी बैठक ताणात पकडली जातात. मांजऱ्या खडकातून एकदम लाल पट्ट्यात उतरताना हीच भीती असते. काही बटणे कठीणावर, काही मऊवर, आणि एकेका बटणावर भलताच भार. याउलट आपल्या बेसाल्टचा एक गुण बोअरवाल्याच्या फायद्याचा आहे. त्यात ग्रॅनाइटसारखी गारगोटी ठासून भरलेली नसते, म्हणून बटणे हळू झिजतात. पण हळू झीज म्हणजे वरचा थकलेला थर निघून जात नाही. घर्षणाच्या गरमीने आणि ठोक्यांनी बटणाच्या माथ्यावर सापाच्या कातडीसारखे जाळे पडते आणि त्यातली एखादी भेग खोल गेली की दिसायला धडधाकट बटण एका ठोक्यात दुभंगते. म्हणून बटण सपाट झालेले नसले तरी वेळेवर हिऱ्याच्या चाकावर घासून त्याचा गोलावा आणि ताजा पृष्ठभाग परत आणावा लागतो. खर्च वाचवायला ही घासणी पुढे ढकलणे म्हणजे बिट गमावणे.

आणि ठोके किती? मिनिटाला १,२०० धरले तर तासाला ७२,०००, चार तासांच्या बोअरला पावणेतीन लाखांहून अधिक. एका घावाचा चिवटपणा कितीही अचूक मोजला तरी लाखाव्या घावाचा अंदाज त्यातून येत नाही. त्यासाठी बटणावर वजन पुन्हा पुन्हा टाकून कितव्या ठोक्याला भेग पडते हे पाहणाऱ्या वेगळ्या चाचण्या आहेत. वेळखाऊ आणि कंटाळवाण्या आहेत, म्हणून फार कोणी करत नाही.

प्रयोगशाळेतही कठीण नमुना यंत्राशीच भांडतो. कार्बाइडचा बारीक नमुना दोन पोलादी दांड्यांच्या मध्ये दाबला तर तो दांड्यांच्या तोंडात रुततो आणि दांडीच खळगते. म्हणून नमुन्याच्या दोन्ही बाजूंना कार्बाइडच्याच चकत्या ठेवतात. कठीण पदार्थ एखाद्या टक्क्याएवढा दबला की फुटतो, आणि लाट एकदम उसळली तर नमुन्याच्या दोन बाजूंवर सारखा भार येण्याआधीच एक बाजू फुटलेली असते. त्यावर तोडगा म्हणजे जिथे दांडा आदळतो तिथे तांब्याची छोटी चकती. ती चेपत जाते आणि लाट हळू चढते. तांब्याच्या या तुकड्याशिवाय कठीण पदार्थांवर काढलेल्या आकड्यांकडे मी संशयाने पाहतो.

दांड्या कशाच्या करतात? बहुधा मॅरेजिंग पोलादाच्या. त्यात कार्बन जवळपास नसतो, १८ टक्के निकेल असते आणि ४८० अंशांच्या आसपास मुरवल्यावर ते १,७०० मेगापास्कलच्या पुढची ताकद आणि तरीही दांडगा भंगरोध देते. बारामतीकरांना हे पोलाद परके नाही. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात उभ्या केलेल्या वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रे बनतात आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची २.८ मीटर व्यासाची मोटार-नळकांडीही. ती याच जातीच्या पोलादाची. तिथे पोलादाची निवड कडकपणावर होत नाही. वेल्डिंगमध्ये नजरेतून सुटलेली एखादी बारीक भेग इंजिन पेटल्यावर किती लांबीपर्यंत निमूट बसून राहील, यावर होते.

वालचंदनगरातून निघालेल्या यंत्रांचे गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, आणि ते इथे हाकेच्या अंतरावर आहेत: माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. गव्हाणीत मोळी पडली की ऊस कटरमधून फायब्रायझरकडे जातो, तिथे फिरत्या हॅमरांनी त्याच्या चिंध्या होतात. हॅमरांच्या टोकांचे वर्तुळ दीड मीटरचे आणि फेरे मिनिटाला हजार धरले तर टोकाचा वेग सेकंदाला ७८ मीटर, ताशी २८० किलोमीटर. शार्पीच्या लंबकाहून चौदापट वेग आणि वजनाच्या दर किलोमागे दोनशेपट ऊर्जा. ऊस मऊ असतो, पण ट्रॉलीतून उसाबरोबर दगड येतात, साखळीचा तुकडा येतो, एखादा विसरलेला कोयता येतो. लोखंडासाठी वर चुंबक असते, दगडाला कोण अडवणार?

या हॅमरांवर क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने वेल्डिंगचा थर चढवतात. गंमत अशी की त्या थराला थंड होताना आडव्या भेगा पडतात आणि जाणकार वेल्डर त्यावर खूश असतो. भेगांनी थरातला ताण मोकळा केलेला असतो, आणि खालचे चिवट पोलाद भेगेला आत येऊ देत नाही. झिजायचे काम वरच्या थराचे, घाव सोसायचे काम खालच्या पोलादाचे. नवशिक्याने मात्र भेगा नकोत म्हणून अख्खा हॅमर कडक पोलादाचा केला, किंवा एकावर एक पाच-सहा थर चढवले, तर गळीत हंगामाच्या मध्यावर एक तुकडा फायब्रायझरच्या कव्हरमधून बाहेर येतो. अशा वेळी रोजचे हजारो टन गाळप थांबते आणि त्या आधीच्या कडकपणाच्या अहवालात काहीच चुकीचे सापडत नाही.

म्हणून बारामती-इंदापुरातल्या वर्कशॉपवाल्यांना आणि कारखान्यांच्या स्टोअरमध्ये हॅमर, पंच, डाय खरेदी करणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. माल हार्डनिंगला पाठवताना त्याच लादीतून कापलेले दोन-तीन चाचणी तुकडे त्याच भट्टीत, त्याच ट्रेमध्ये ठेवायला सांगा. पोलाद असेल तर बिनखाचेची शार्पी चाचणी करून घ्या. मेकॅनिकल शाखा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे यंत्र असते आणि वर्षातले बरेच दिवस ते झाकून ठेवलेले असते. कार्बाइड असेल तर पुरवठादाराकडे कडकपणाच्या शेजारी पामक्विस्टचा आकडा आणि कोबाल्टचे प्रमाण मागा. आणि हातात आलेल्या अहवालात खाच कोणती, तुकडा लादीच्या कोणत्या दिशेने कापला आणि चाचणी किती तापमानाला झाली या तीन नोंदी नसतील, तर तो अहवाल परत पाठवा.